मऊ हातांच्या घरात

आमच्या चौकात किस्से शोधायला जावं लागत नाही. चार बिऱ्हाडं, मधे एक अंगण आणि चौघांत मिळून एकच विजेचा पंखा! तो शेजारच्या शरीफा चाचीच्या ओटीवर आहे. संध्याकाळी वीज असली की दुबईच्या देरा भागातला हा आमचा अख्खा कोकणी चौक त्या पंख्याखाली येऊन बसतो, आणि माणसं एवढी दाटीवाटीने बसली की बोलण्यावाचून दुसरं करणार काय?

मी मुळातच कमी बोलते. त्यात लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही, म्हणून आणखी कमी. गप्प बसणाऱ्या बाईसमोर लोक काय वाट्टेल ते बोलतात, हे मला दुबईत येऊन कळलं. त्यांना ती भिंतीतला कोनाडा वाटते. कोनाड्यात ठेवलेल्या वस्तू साठतात, तसे माझ्याकडे हे किस्से साठले. आणि गंमत म्हणजे सगळे एकाच गोष्टीचे निघाले: आमच्या घरातल्या माणसांच्या सांध्यांचे!

*

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा.

माझ्या सासरी सून निवडायची एक रीत आहे. रंग, उंची, कुराण वाचता येतं का, भाकरी गोल होते का, हे सगळं विचारतात, पण नावापुरतं. खरी परीक्षा बांगडीची. माझ्या आजेसासूची एक हिरवी काचेची बांगडी होती. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, पाळण्यातल्या पोरीची असेल. ही बांगडी मुलीच्या हातावरून मनगटात उतरली, तर मुलगी पसंत. मऊ हाताची बाई घरालाही मऊ ठेवते, असं त्यांच्याकडे मानतात. आजेसासूच्या हातात ती पाण्यासारखी उतरली होती म्हणे. माझ्या सासूच्या, म्हणजे अम्माच्या हातात तर हात झटकताच गेली होती.

रत्नागिरीकडच्या आमच्या घरी अम्मा मला बघायला आली. माझा हात मांडीवर घेऊन तिने तो चेपला. हात चेपेना. साबण आणवला. खोबरेल तेल आणवलं. अंगठा आत दाबला, करंगळी आत दाबली. माझा हात हातच राहिला. शेवटी अम्माने ओठ आवळून जोर लावला आणि कट्! तीन पिढ्यांची बांगडी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी फुटली.

माझ्या आईने डोळे मिटून घेतले. पडद्यापलीकडे पुरुषांत माझे सासरे बसले होते, अब्बा. त्यांनी विचारलं काय झालं. कोणीतरी हळूच सांगितलं. अब्बांचा जन्म गलबतावर गेला. तांडेल माणूस, शब्द मोजून वापरणारा, आणि माझ्या वडिलांना त्यांनी तो आधीच देऊन ठेवलेला. मग पडद्यातून आवाज आला,

"असू दे. लाकूड टिकतं."

*

स्टीमर दुबईला किनाऱ्याला लागत नाही. ती लांब समुद्रात थांबते आणि शिडीवरून लाँचमध्ये उतरावं लागतं. मी डोळे मिटूनच उतरले. खाडीच्या धक्क्यावर माझा दीर यासीन ट्रंक घ्यायला आला होता. ट्रंक जड, म्हणून मी म्हटलं, जपून. त्यावर त्याने हसून आपला अंगठा मागे वळवला आणि मनगटाला टेकवला. धक्क्यावरचे हमाल "या सलाम!" म्हणून मागे सरले. मी ट्रंकेवर बसले.

संध्याकाळी पंख्याखाली माझं स्वागत झालं. सरबत आलं, खजूर आले आणि मग खेळ सुरू झाले. यासीनने मानेमागे पाय टाकून चहा प्यायला. आमचे हे एरवी इतके गंभीर, पण त्यांनीही बाही वर करून कोपर उलटं करून दाखवलं. नणंद सकीना माझ्याहून लहान, सोळा-सतराची. तिने दोन्ही हातांची बोटं पाठीकडे दुमडून मोराचा पिसारा केला. मला वाटलं, निकाह लावून मला सर्कशीत पाठवलंय!

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता तू. मी अंगठा मागे ओढून पाहिला. तो होता तिथेच राहिला. चौकात हळहळ पसरली. सकीनाने माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून, कळवळून विचारलं,

"भाबी, मग तुमच्याकडे करमणूक काय असायची?"

त्या संध्याकाळी खेळात फक्त दोघं नव्हती. एक अब्बा. त्यांचे सांधे माझ्यासारखेच, दरवाजाच्या कडीसारखे. दुसरी अम्मा. ती ओटीच्या खांबाला धरून उभी होती आणि म्हणत होती, मला कुठे येतं असलं काही. तिच्या उजव्या मनगटाला ओढणीची एक चिंधी घट्ट बांधलेली होती. मला तो ताविज वाटला. दुसऱ्या दिवशी ती डाव्या मनगटाला दिसली. हा कसला ताविज, असं मनात आलं, पण नव्या सुनेने विचारायचं नसतं.

*

आमचे हे एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क आहेत. तिथे नवा गोरा साहेब आला. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, आणि गोऱ्या लोकांची पद्धत अशी की हात दाबला नाही तर त्यांना ते हस्तांदोलन वाटतच नाही. साहेबाने ह्यांचा हात दाबला. टक् असा आवाज झाला आणि ह्यांचा अंगठा भलत्याच दिशेला गेला.

साहेब पांढरा होता तो आणखी पांढरा पडला. खुर्ची मागवली. ह्यांच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी! ह्यांनी "नो प्रॉब्लेम सर" म्हणून अंगठा पुन्हा जागेवर बसवला, तर साहेबाने डोळ्यांवर हात घेतला.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत साहेब सावरला. इतका सावरला, की बंदरात नवीन बोट आली आणि कॅप्टन ऑफिसात आला की साहेब ह्यांना केबिनमध्ये बोलवायचा. सामानाची बिलं राहिली बाजूला, आधी अंगठा! कॅप्टन लोक खूश होत. संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांचा अंगठा सुजलेला असे. हे तो गुपचूप थंड पाण्याच्या तांब्याला लावून बसत. विचारलं तर म्हणत, "ऑफिसचं काम असतं."

*

आता सकीना. हा किस्सा चौकात सगळ्यात जास्त हसून सांगितला जातो. मी मात्र तो ऐकताना कधी हसले नाही.

सकीनाचे सांधे खेळ नसतानाही निघायचे. जेवायला बसताना गुडघ्याची वाटी सरकायची. गोड पाणीवाला गाढवावरून टिनचे डबे आणायचा. त्यातला एक उचलला की खांदा. अंगावर निळे डाग, कशाने ते तिलाही ठाऊक नसायचं. ती ओरडायची. आम्ही धावत जाईपर्यंत तिने खांदा आपला आपण बसवलेला असायचा, कारण बसवला नाही तर दुखणं सहन होत नसे. आम्हाला दिसायचं ते एवढंच: पाणी सांडलेलं आणि मुलगी धडधाकट!

अम्माने तिचं नाव ठेवलं होतं, ढोंगी. काम आलं की हिचे हातपाय गळतात. खेळताना बरी मोराचा पिसारा करते! शरीफा चाचीलाही ते पटायचं. मला पटत नव्हतं, कारण मी दुपारी तिच्याशेजारी झोपायचे आणि झोपेत कूस बदलताना ती कण्हायची. झोपेत कोण ढोंग करतं? पण मी कोनाडा.

एके दिवशी डबा पुन्हा सांडला. गोड पाणी अंगणभर गेलं. अम्माचा पारा चढला. सगळ्या चौकासमोर तिने सकीनाला उभं केलं.

"निघतो म्हणतेस ना खांदा? दाखव मग."

आणि वेड्या मुलीने दाखवला! तिला वाटलं, एकदा डोळ्यांनी बघितलं की विश्वास बसेल. तिने हात थोडा खाली ताणला, खांदा फिरवला आणि तो निघाला. कपड्यावरूनही दिसला. मग दात दाबून तिने तो परत बसवला आणि अम्माकडे आशेने बघितलं.

अम्मा चौकाकडे वळून म्हणाली, "बघितलंत? मनात आलं की काढते, मनात आलं की घालते."

निकाल लागला. पुढच्या स्टीमरने सकीनाला गावी पाठवायचं ठरलं. तिथे धाकट्या चुलतीच्या गावात एक हाडं बसवणारा होता. तो सांधे ओढून, पट्ट्या करकचून बांधून महिनाच्या महिना निजवून ठेवतो, आणि चुलती कामाला लावून वळण लावते. दोन्ही उपाय एकदमच. ह्यांना तिकीट काढायला सांगितलं. हे अम्मापुढे कधी बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. सकीना मला म्हणाली, "भाबी, त्याने ओढलं तर मी मरेन." ती हे रडत म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती शांतपणे म्हणाली, म्हणून मला काहीतरी करणं भाग पडलं.

*

मी काय करणार? माझ्याकडे एकच हत्यार होतं: मी नवी नवरी होते!

सकाळी मी अम्माला मान खाली घालून सांगितलं, मला हॉस्पिटलात जायचंय. का, हे सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. अम्माचा चेहरा एकदम उजळला. शरीफा चाचीने मला हातातला तांब्या खाली ठेवायला लावला. सोबत कोण जाणार, हा प्रश्न आला. अम्मा कुठे जात नाही, ती बाजारातही जात नाही. म्हणून सकीनाला पाठवलं. "भाबीला सांभाळून ने गो," असं अम्माने तिला बजावलं. म्हणजे ज्या मुलीचा गुडघा रस्त्यात सरकायचा, ती मला सांभाळणार! तिचा गुडघा सरकलाच, गल्लीच्या तोंडाशी. मी तिला धरलं, तर समोरचा दुकानदार मला म्हणाला, "बेटी, तुम मत उठाओ!" तोपर्यंत बातमी बाजारात पोचली होती.

हॉस्पिटलात एक स्कॉटिश डॉक्टर मेमसाहेब होत्या. वयस्क, उंच, आधी बरीच वर्षं हिंदुस्थानात काढलेल्या. हिंदुस्थानी अस्खलित बोलायच्या, फक्त कवायतीच्या मैदानावर उभं राहून बोलल्यासारख्या. मला म्हणाल्या, "बैठो! क्या तकलीफ?" मी सकीनाकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका दमात एवढं बोलले असेन. खांदा, गुडघा, डाग, कण्हणं, मोराचा पिसारा, सगळं.

मेमसाहेब हळूहळू खुर्चीच्या टोकावर आल्या. त्यांनी सकीनाचा अंगठा वळवला. करंगळी वळवली. कोपरावरची कातडी चिमटीत धरून ओढली. ती लांब आली आणि परत जागेवर गेली. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, मखमल. मग त्यांनी सकीनाला एक प्रश्न विचारला.

"दर्द होता है?"

सकीना बघतच राहिली. सगळे आजवर तिला 'कसं करतेस' असं विचारत आले होते. दुखतं का, असं कोणी विचारलं नव्हतं. "होता है," ती म्हणाली. "रोज."

मेमसाहेबांनी सांगितलं की हा आजार आहे. त्याचं नाव दोन डॉक्टरांच्या नावांवरून ठेवलंय, एहलर्स-डॅन्लॉस. त्यांनी तो पुस्तकात वाचला होता, एकदा एका म्हाताऱ्यात पाहिलाही होता. मुलगी ढोंगी नाही, असं त्या म्हणाल्या. आणि हो, हा घराण्यात चालतो. घरात आणखी कोणाला आहे?

"सगळ्यांना," सकीना म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिला वाईट वाटलं असावं. "एक भाबी सोडून. आणि अब्बा."

मेमसाहेब उठून उभ्याच राहिल्या. मला स्वतःला काय होतंय, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. आम्ही घरी आलो तेव्हा शरीफा चाचीने माझ्यासाठी शेवयांची खीर करून ठेवली होती. मी खाल्ली. चांगली झाली होती.

*

मेमसाहेब स्वतः घरी आल्या! लँड रोव्हर गल्लीत शिरेना म्हणून पायी चालत आल्या. तोपर्यंत मी ह्यांना आणि ह्यांनी अब्बांना खरी गोष्ट सांगितली होती. अब्बांनी ऐकून घेतलं आणि अंगण झाडून घ्यायला सांगितलं.

यासीनला वाटलं, गोरी बाई खास खेळ बघायला आलीय. तो नवा शर्ट घालून बसला होता. त्या आत आल्या आल्या त्याने पाय मानेमागे टाकला. ह्यांनी कोपर उलटं केलं, वर कॅप्टन लोकांचा आवडता अंगठाही केला. चौक टाळ्या वाजवायला तयार होता.

"बंद करो!" मेमसाहेब गरजल्या. "खलास! आज से तमाशा खलास!"

यासीनचा पाय मानेमागेच राहिला.

मग त्या समजावू लागल्या. हाडं मजबूत आहेत. हाडांना एकमेकांशी धरून ठेवणारं जे शरीरात असतं, तेच जन्मापासून सैल आहे. प्रत्येक खेळाने ते आणखी सैल होतं. त्याला काय म्हणतात, ते त्यांना हिंदुस्थानीत आठवेना. त्या हवेत बोटांनी काहीतरी विणत राहिल्या. अब्बा बराच वेळ त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"जुन्या होडीला खिळे नसायचे," अब्बा म्हणाले. "फळीला फळी काथ्याने शिवायचे. म्हणजे लाकूड चांगलं आहे, काथ्या सैल आहे. असंच ना?"

ह्यांनी त्याचं इंग्रजी केलं. मेमसाहेबांनी अब्बांचा हात धरून इतक्या जोरात हलवला, की माझ्या डोळ्यांसमोर ह्यांचा साहेब उभा राहिला. पण अब्बांच्या हाताला काही झालं नाही.

"असली होडी कोणी ओढून आवळली तर?" अब्बांनी विचारलं. मेमसाहेब म्हणाल्या, फाटेल. ओढणाऱ्याकडे हिला अजिबात पाठवू नका. जड उचलू देऊ नका, हलका व्यायाम द्या, गुडघ्याला साधी पट्टी बांधा. बरं करणारं औषध नाही, पण जपलं तर मुलगी चांगली जगेल.

मग त्यांनी विचारलं, हा आजार तुमच्या घराण्यात इतका कसा काय? अब्बांनी बांगडीची रीत सांगितली. हात जितका मऊ, तितकी सून चांगली. आजी तशी आणली, आई तशी आणली, बायको तशी आणली. मेमसाहेबांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्या ओटीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणजे तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या गावंच्या गावं पालथी घालून, बांगडीने पारखून, हाच आजार घरात आणत होतात!

"और ये?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिच्या वेळी बांगडी फुटली," अब्बा म्हणाले.

"शाबाश!" मेमसाहेब मला म्हणाल्या. चौकात माझा भाव त्या क्षणी काय चढला, ते सांगत नाही!

पण मला त्या वेळी स्वतःचं सुचतच नव्हतं. डोक्यात एकामागून एक दिवे लागत होते. ह्यांचा सुजलेला अंगठा, सकीनाचं कण्हणं, आणि एकदा उजव्या, एकदा डाव्या मनगटावर फिरणारा तो ताविज! मेमसाहेब तेवढ्यात म्हणाल्याच, हे आईकडून येतं, नाहीतर बापाकडून. अब्बांनी आपला अंगठा वर करून वळवून दाखवला. तो खुंटीसारखा ताठ राहिला. मग सगळ्या चौकाने स्वयंपाकघराकडे बघितलं.

अम्मा विळीवर मासे कापत होती. ती दाराला धरून उठली आणि बाहेर आली.

"म्हणजे माझ्या अंगात खोट? ह्या घरचं इतकी वर्षं मी ओढलं ते फुकट? दुखतं तर काय झालं, सगळ्यांनाच दुखतं. मी कधी बोलले? ही पोरगी बोलते, एवढाच फरक आहे. ती स्टीमरने जाणार म्हणजे जाणार."

ती परत आत गेली. मेमसाहेबांनी विचारलं, मां ने क्या बोला?

अब्बा म्हणाले, "चाय पीके जाओ बोलती है."

*

सकीनाची ट्रंक भरली गेली. अम्मापुढे कोणाचंच चालत नव्हतं. अब्बा दोनदा बोलून पाहून धक्क्यावर निघून गेले. हे तिकीट परत करायला तयार झाले, तर अम्मा म्हणाली, मग दोन काढ, मीही जाते. मेमसाहेबांचं सगळं पटलं असतं, पण खोट हा शब्द तिच्या घशात अडकून बसला होता. आणि तो त्या बिचाऱ्या बोलल्याच नव्हत्या, तिचा तिनेच आणला होता.

स्टीमरच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि अम्मा भाकऱ्या करत होतो. प्रवासाला लागणार म्हणून पुष्कळ. अम्मा थापत होती, मी भाजत होते. मधेच ती थांबली, चिंधी सोडून दुसऱ्या मनगटाला बांधली आणि सहज म्हणाली, "आता तू थाप. इतक्या थापल्या की मनगट उतरतं, तुझंही उतरत असेल."

मी म्हटलं, "नाही, अम्मा."

"म्हणजे उतरत नसेल. दुखत असेल."

"नाही दुखत."

ती हसली. सुना सासूसमोर असंच बोलतात, असं तिला वाटलं असावं. मग तिने विचारलं, सकाळी उठल्यावर बोटं? नाही. जिना उतरताना गुडघा आत वळतो तेव्हा? तो वळतच नाही. सुई धरल्यावर? नमाजात सजद्यातून उठताना कंबर? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती मी खाली काढली नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

"कधीच नाही?"

"कधीच नाही, अम्मा."

अम्मा पिठाच्या हातांनी अंगणात गेली. शरीफा चाची केस विंचरत होती. अम्माने तिला तेच सगळं विचारलं. चाची म्हणाली, ईदचं काम झाल्यावर एखादा दिवस पाठ धरते, बाकी कशाला दुखेल? अम्मा तिसऱ्या बिऱ्हाडात गेली. चौथ्या बिऱ्हाडात म्हातारी आजी होती, तिलाही विचारून आली. आजीचं दुखत होतं, पण आजीचं म्हातारपणी सुरू झालेलं. लहानपणी? लहानपणी कशाला, आजी म्हणाली.

अम्मा अंगणाच्या मधोमध उभी राहिली. कशालाही न धरता. आणि तिने सगळ्या बायकांकडे एकेक करून असं बघितलं, जणू आम्ही तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं.

"म्हणजे तुम्ही सगळ्या," ती म्हणाली, "एवढी वर्षं नुसत्या मजेत होतात?"

ती आत आली आणि उरलेल्या भाकऱ्या तिनेच थापल्या. ट्रंकेबद्दल अवाक्षर काढलं नाही, ना जाण्याचं, ना राहण्याचं. सकीना दिवसभर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मीही.

दुसऱ्या दिवशी सगळे धक्क्यावर गेलो. कधी न येणारी अम्माही आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला तो हात जड लागला नाही, पण तिने प्रथमच ठेवला होता. लाँच भरत आली होती. स्टीमर लांब धूर सोडत उभी. हमालाने सकीनाची ट्रंक उचलायला हात घातला.

अम्मा ट्रंकेवर बसली.

लाँचवाला ओरडला, "यल्ला, यल्ला!" हे म्हणाले, अम्मा, ऊठ, वेळ होतोय. अब्बा पाण्याकडे बघत होते.

"मला उठवत नाही," अम्मा म्हणाली. "गुडघा दुखतोय माझा."

आमच्यापैकी कोणीही आजवर हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लाँचवाल्याने आणखी दोनदा यल्ला केलं, मग खांदे उडवले आणि दोर सोडला. लाँच खाडीतून निघून गेली. सकीना अम्मासमोर उकिडवी बसली. तिचा चेहरा रडका झाला होता की हसरा, मला ठरवता येईना. तिने अम्माच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं,

"अम्मा, ढोंग तर नाही ना?"

अम्माने तिच्याकडे बघितलं.

"वाटी काढून दाखवू?"